मोझार्टचा पियानो, आपला हेडफोन

1785 च्या मार्चमध्ये लिओपोल्ड मोझार्ट व्हिएन्नात मुलाकडे, म्हणजे संगीतकार मोझार्टकडे, मुक्कामाला होता. तिथून मुलीला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की मी आल्यापासून तुझ्या भावाचा पियानो घरातून नाट्यगृहात नाहीतर दुसऱ्या कुणाच्या घरी निदान डझनभर वेळा तरी नेला असेल. आजच्या पियानोवादकाच्या बापावर असं पत्र लिहायची वेळ येणार नाही. स्टाइनवे कंपनीचा मैफलीतला मोठा पियानो सुमारे 480 किलोचा भरतो. तो सभागृहातच मुक्कामाला असतो आणि वादक त्याच्याकडे जातो. मोझार्टचं वाद्य मात्र सगळं लाकडाचं होतं. आत ओतीव लोखंडाची चौकट नव्हती, तारांवरचा ताणही बेताचा. हमालांनी उचलावं, गाडीत घालावं, वाजवून झालं की परत आणावं.

हे वाद्य व्हिएन्नाच्या आंटोन वाल्टरने बनवलेलं. पाच सप्तकं, 61 पट्ट्या. आजच्या पियानोला 88 असतात. हातोड्या इवल्याशा आणि त्यांच्यावर जाड फेल्टऐवजी पातळ चामडं. आजच्या पियानोची पट्टी साधारण एक सेंटीमीटर खाली दाबावी लागते, तिथे त्याच्या निम्म्याच्या आसपास काम होतं. खर्जातला आवाज किंचित भरड, तारेचा धातू जाणवणारा; मधला बोलल्यासारखा; वरचा कोरडा आणि चटकन विरणारा. एकाच वाद्यात तीन आवाज, आणि ते झाकायचा कसलाही प्रयत्न नाही.

पुढच्या शंभर वर्षांत हे सगळं पालटलं. सेबास्तियन एरारने 1821 मध्ये, पट्टी पुरती वर यायच्या आतच तोच स्वर पुन्हा वाजवता येईल अशी यंत्रणा आणली. अमेरिकेत लोखंडी चौकट आली, हातोड्यांवर फेल्ट चढलं, 1859 मध्ये स्टाइनवेने ग्रँड पियानोत खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या ओढल्या. सभागृहं मोठी होत गेली, वाद्यंही. आवाज खालपासून वरपर्यंत एकजिनसी, लांबणारा, दोन हजार माणसांना पुरणारा झाला. त्या वाद्यावर मोझार्ट, बेथोव्हेन, शोपां वाजवणं हे मग इतकं अंगवळणी पडलं, की त्यात काही बदललंय हेच कुणाच्या लक्षात येईना.

त्याला पहिला जोरकस छेद दिला तो रेकॉर्डिंगने. पियानोवादक पाउल बाडुरा-स्कोडा यांनी जुनी वाद्यं जमवली आणि वाजवली. माल्कम बिल्सन यांनी 1980 च्या दशकात जॉन एलियट गार्डिनर यांच्या वाद्यवृंदाबरोबर मोझार्टचे कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, ध्वनिमुद्रित केले. रोनाल्ड ब्राउटिगम यांनी बेथोव्हेनच्या सगळ्या सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीच्या अनेक भागांच्या रचना, जुन्या घडणीच्या पियानोंवर वाजवल्या. 2018 मध्ये वॉर्सात तर शोपांच्या काळच्या वाद्यांवरची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. चार-दोन हौशी मंडळींचा नाद म्हणून हसण्यावारी न्यायचा प्रकार आता मुख्य बाजारपेठेत आलाय. संग्रहालयं त्यासाठी दारं उघडतात, सार्वजनिक पैसा त्यात पडतो, आणि मुखपृष्ठावर ‘मोझार्टने ऐकला तसा मोझार्ट’ अशा थाटाची जाहिरात होते.

मला ही रेकॉर्डिंग हवी आहेत, खूप हवी आहेत. पण तो थाट मला मान्य नाही. जुन्या पियानोवरचं रेकॉर्डिंग हा भूतकाळाचा पुरावा म्हणून विकला जाऊ नये. आजच्या वादकाने, आजच्या मायक्रोफोनसमोर, जुन्या वाद्याच्या साक्षीने मांडलेलं ते एक मत असतं. ते तसंच विकावं आणि तसंच ऐकावं. एवढं एक कबूल केलं, की कुठली वाद्यं वाजवायची आणि कुठली सांभाळून ठेवायची, वेष्टनावर काय छापायचं, याची उत्तरं बदलतात.

आधी फायदा काय ते नीट पाहू, कारण तो खरा आहे. बेथोव्हेनची 1801 मधली, ‘मूनलाइट’ म्हणून जगभर वाजणारी सोनाटा घ्या. पहिल्या भागावर त्याने इटालियनमध्ये सूचना लिहून ठेवलीय: हा सबंध भाग अत्यंत हळुवारपणे आणि डँपर न लावता वाजवावा. डँपर म्हणजे पट्टी सोडल्यावर तारेवर टेकून तिला गप्प करणारी छोटी गादी. व्हिएन्नाच्या पियानोत गुडघ्याने तरफ वर ढकलली की साऱ्या गाद्या एकदम उचलल्या जात. आता स्टाइनवेवर तेच काम करणारं पायाचं पेडल दाबून ठेवून हा भाग सुरू करा. डाव्या हाताचा पहिला खर्ज घुमत राहतो, दुसऱ्या आवर्तनाला खालचा स्वर बदलतो पण पहिला जात नाही, तिसरा येतो तेव्हा आधीचे दोन्ही तिथेच ठाण मांडून असतात. चार-पाच आवर्तनांत नुसता चिखल होतो. म्हणून आजचा जवळजवळ प्रत्येक वादक पेडल गुपचूप बदलतो, अर्धं सोडतो, पुन्हा धरतो. म्हणजे संगीतकाराची लेखी सूचना मोडूनच ही रचना वाजवावी लागते.

तीच सूचना वाल्टरच्या धर्तीच्या पियानोवर पाळून पाहिली की अर्थ लागतो. खर्जाचा स्वर उमटतो आणि लगेच ओसरायला लागतो. पुढचा येईपर्यंत आधीच्याची नुसती सावली उरलेली असते. सुरावट बदलते त्या क्षणी दोन स्वर एकमेकांत किंचित मिसळतात, कानाला जरा खुपतात, आणि निवळतात. ते खुपणं बेथोव्हेनला हवं होतं असं मला वाटतं. सबंध भागात तरफ एकदाही सोडायची नाही का, यावर अभ्यासकांत वाद आहे, तो असो. पण सूचना वेडेपणाची नव्हती, एवढं पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळतं. आणि आणखी एक गोष्ट आपोआप घडते. आवाज टिकत नाही म्हटल्यावर वादकाला रेंगाळता येत नाही. या भागावर तालाची खूण दोनाच्या मोजणीची आहे, म्हणजे चाल वाहती हवी. आपण ऐकत आलो ती अंत्ययात्रेची लय शक्य झाली ती लांबणाऱ्या आवाजामुळे. वाद्याने लय बदलली, आणि नंतर त्या लयीलाच परंपरा म्हणायची पद्धत पडली.

गंमत म्हणजे खुद्द बेथोव्हेनचा शिष्य कार्ल चेर्नी याने 1840 च्या दशकात या भागाबद्दल लिहिताना, खर्जाच्या प्रत्येक स्वराला पेडल नव्याने घ्यावं असा सल्ला देऊन ठेवलाय. चाळीसेक वर्षांत पियानो एवढा बदलला होता, की गुरूची सूचना शिष्यालाच दुरुस्त करावी लागली.

दुसरं उदाहरण मर्यादेचं. बेथोव्हेनच्या दहाव्या ओपसमधली (ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक) तिसरी सोनाटा, 1798 ची. पहिल्याच पानावर दोन्ही हात सप्तकांच्या जोड्यांनी झपाट्याने वर चढतात. चढण नैसर्गिकपणे ‘एफ शार्प’वर संपायला हवी, पण त्या काळच्या पियानोची शेवटची पट्टी ‘एफ’. पुढे पट्टीच नाही. बेथोव्हेनला जोडीतला वरचा स्वर गाळावा लागला. आधुनिक पियानोवर बहुतेक वादक तो स्वर घालून मोकळे होतात, आणि ऐकणाऱ्याला काही झाल्याचंही कळत नाही. पाच सप्तकांच्या वाद्यावर मात्र हात भिंतीला आपटल्यासारखा थांबतो. बेथोव्हेन वाद्यावर सतत रेटा देत होता, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि तो रेटा कानावर येणं वेगळं. जुन्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगची खरी कमाई मी यातच मोजतो. गोडवा, नजाकत वगैरे नंतर.

या बाबतीतलं सगळ्यात प्रामाणिक काम मला पियानोवादक आंद्राश शिफ यांचं वाटतं. त्यांनी बेथोव्हेनची डियाबेली व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच धूनेच्या बदलत्या रूपांची मालिका, 2013 च्या एकाच संचात दोनदा दिली: एकदा 1921 च्या बेखश्टाइन पियानोवर, एकदा 1820 च्या सुमाराच्या व्हिएन्नी ब्रॉडमन पियानोवर. माणूस तोच, रचना तीच. ब्रॉडमनवर हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये कापडाची पट्टी सरकवणारी कळ आहे, मॉडरेटर म्हणतात तिला. ती लावली की आवाज दुलईत गेल्यासारखा होतो. बेखश्टाइनवर अशी सोय नाही. तिथे तोच हळुवारपणा बोटांनी कमवावा लागतो. अमुक खरं आणि तमुक खोटं असं शिफ कुठेही म्हणत नाहीत. दोन्ही समोर ठेवून ते बाजूला होतात.

आता आक्षेप. सगळ्यात धारदार आक्षेप रिचर्ड टारस्किन या अमेरिकन संगीत-इतिहासकाराचा. त्यांचं म्हणणं असं, की जुन्या वाद्यांच्या चळवळीला जी हलकी, वेगवान, नितळ, भावनेला आवर घालणारी शैली ‘ऐतिहासिक’ वाटते, ती मुळात विसाव्या शतकाची आवड आहे. इतिहासाच्या नावावर आपण आपलीच चव खपवतो. मला हा आक्षेप बराचसा पटतो. 1790 सालच्या वादकांची बोटं कशी पडत, याची ध्वनिफीत कुठेच नाही. उरल्यात त्या वाद्यशिक्षणाच्या पोथ्या, पत्रं, वाद्यं. त्यांतून कुठल्या गोष्टी उचलायच्या हे आपणच ठरवतो, आणि गैरसोयीच्या गोष्टी सोयीस्करपणे मागे राहतात. लिओपोल्डच्या त्याच पत्रात पुढे आहे, की मुलाने पियानोखाली ठेवायचं पायाने वाजवायचं एक मोठं, अतिशय जड वाद्य करून घेतलंय आणि तेही बरोबर नेलं जातं. म्हणजे मोझार्ट आपले कॉन्चेर्टो हातांनी आणि पायांनी वाजवत होता. ते पायाचं वाद्य आज शिल्लक नाही. जुन्या पियानोवरच्या किती रेकॉर्डिंगमध्ये त्याची जागा भरून काढलेली दिसते? फारच थोड्या.

पण टारस्किनच्या आक्षेपाने ‘हा खरा मोझार्ट’ हा दावा पडतो, वाद्य पडत नाही. मूनलाइटमधला खर्ज ओसरतो तो कुणाच्या आवडीनिवडीमुळे नव्हे. तिथे लाकूड, चामडं आणि तारेचा ताण बोलतात. वादक काय निवडेल ते त्याचं, पण वाद्य कशाला नकार देतं ते कुणाच्याच हातात नसतं.

इथून अस्सल वाद्य आणि प्रतिकृती या वादाकडे येतो, आणि इथे माझं मत जरा कडक आहे. पियानोवादक रॉबर्ट लेविन यांनी मोझार्टच्या सोनाटा साल्झबुर्कमधल्या मोझार्टच्या स्वतःच्या वाल्टरवर वाजवल्या. सात सीडींचा तो संच 2022 मध्ये निघाला. संच उत्तम आहे. तरीही त्याच्या जाहिरातीतलं ‘मोझार्टचा स्वतःचा पियानो’ हे वाक्य जेवढं सुचवतं तेवढं त्यात नाही. पायाचं वाद्य गेलं. मोझार्टच्या मृत्यूनंतर आतल्या यंत्रणेतही फेरफार झाले असावेत असं काही संशोधकांनी दाखवलंय. आणि सगळ्यात साधी गोष्ट: मोझार्टने नवा पियानो वाजवला. आपण ऐकतो तो सव्वादोनशे वर्षांहून जुना. लाकूड सुकलेलं, चामडं कधी ना कधी बदललेलं, तारा नव्या.

नवेपणाचं त्या काळी काय मोल होतं हे मोझार्टच्याच पत्रातून दिसतं. ऑक्टोबर 1777 मध्ये तो ऑग्सबुर्कहून बापाला योहान आंद्रेआस श्टाइनच्या कारखान्याचं वर्णन कळवतो. श्टाइन आवाज घुमवणारी लाकडी फळी तयार झाली की ती उघड्यावर ठेवतो. पाऊस, बर्फ, उन्हाची आच सगळं खाऊ देतो, म्हणजे तडकायची ती आधीच तडकेल. मग भेगांत पाचरी घालून, सरस लावून ती पक्की करतो. असा पियानो तीनशे गुल्डनच्या खाली मिळत नाही, हेही मोझार्ट लिहितो. लाकूड कसं वागेल याची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाचं वाद्य आज जसं वाजतं तसंच तेव्हा वाजत असेल, असं समजणं भाबडेपणाचं आहे.

म्हणून, कुशल कारागिराने बनवलेली नवी प्रतिकृती ही जुन्या मूळ वाद्यापेक्षा त्या काळाच्या अधिक जवळ जाऊ शकते. पॉल मॅकनल्टी हे मूळ अमेरिकन गृहस्थ झेक प्रजासत्ताकातल्या दिविशोव्ह गावात बसून वाल्टर, ग्राफ, प्लेयेल या जुन्या कारागिरांच्या पियानोंच्या प्रतिकृती करतात. ब्राउटिगम यांच्या बेथोव्हेनमागे त्यांचीच वाद्यं आहेत. वॉर्साच्या शोपां संस्थेने त्यांच्याकडून बुखहोल्ट्स पियानो करून घेतला. शोपांने तरुणपणी वाजवलेला बुखहोल्ट्स 1863 मध्ये रशियन सैनिकांनी त्याच्या बहिणीच्या घराच्या खिडकीतून खाली फेकला आणि तो संपला. प्रतिकृती बनली ती त्याच कारागिराच्या, युक्रेनमध्ये क्रेमेनेत्सच्या संग्रहालयात टिकलेल्या दुसऱ्या वाद्यावरून. शोपांचं वाद्य हे नव्हेच, त्याचं भावंड म्हणा. पण वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ते काहीतरी खरं शिकवतं, आणि उद्या त्याची तार तुटली तर इतिहासाचं काही बिघडत नाही.

मूळ वाद्याचं तसं नाही. दरवेळी ते सुरात आणताना जुन्या लाकडावर ताण येतो. वाजतं ठेवायचं तर झिजलेला भाग बदलावा लागतो, आणि बदललेल्या प्रत्येक भागाबरोबर पुढच्या कारागिराने मोजायचा एक पुरावा नाहीसा होतो. सार्वजनिक संग्रहालयातली मूळ वाद्यं तपशिलाने मोजावीत, क्वचित एकदा नीट ध्वनिमुद्रित करावीत, आणि बाकी वेळ त्यांना विश्रांती द्यावी. सरकारी किंवा लोकवर्गणीचा पैसा प्रतिकृतींवर लावावा. दर दशकात नवा स्टार वादक आणून त्याच जर्जर वाद्यावर नवा संच काढणं हे जतन नव्हे, विक्री आहे.

प्रतिकृतीने किती मोकळीक मिळते ते पियानोवादक टॉम बेगिन यांच्या प्रयोगात दिसतं. लंडनच्या ब्रॉडवुडने बेथोव्हेनला पाठवलेल्या पियानोची प्रतिकृती क्रिस माने यांनी केली. त्यावर बेगिन यांनी, बहिऱ्या बेथोव्हेनसाठी 1820 मध्ये बनवलेल्या, पियानोवर बसवायच्या आवाज गोळा करणाऱ्या टपाची प्रतिकृती बसवली आणि शेवटच्या तीन सोनाटा वाजवल्या. मूळ टप बनवणारा माथेउस आंद्रेआस श्टाइन हा ऑग्सबुर्कच्या त्या श्टाइनचाच मुलगा. मूळ ब्रॉडवुड बुडापेस्टच्या संग्रहालयात आहे. त्याच्यावर असलं काही करून बघायची परवानगी कुणी देणार नाही, आणि देऊ नये.

राहिला मायक्रोफोन. शोपांने पॅरिसमधली शेवटची मैफल 16 फेब्रुवारी 1848 रोजी प्लेयेलच्या सभागृहात केली, सुमारे तीनशे लोकांसमोर. तेवढ्याच जागेत ते वाद्य पुरं पडतं. आजच्या सभागृहात शेवटच्या रांगेला ते ऐकूच येत नाही. म्हणून रेकॉर्डिंग या वाद्यांना वरदान ठरलं, हे खरंच. पण रेकॉर्डिंगमध्ये मायक्रोफोन तारांच्या जवळ लावतात, आणि आपण घरी आवाजाचं बटण हवं तेवढं फिरवतो. शिवाय बऱ्याच ॲपमध्ये सगळ्या गाण्यांची पातळी आपोआप सारखी करायची सोय आधीपासून सुरूच असते. परिणाम असा, की वाल्टर आणि स्टाइनवे आपल्या कानात एकाच जोराने वाजतात. मोझार्टच्या वाद्याचा मुख्य गुण त्याचा लहानपणा, म्हणजे सगळा जोर लावला तरी एका दिवाणखान्यात मावणारा आवाज. हेडफोनमध्ये नेमका तोच मरतो. उलट ज्या गोष्टी श्रोत्यापर्यंत कधी पोचल्याच नसत्या, जसं की गुडघ्याच्या तरफेचा ठोका किंवा पट्टी परत येतानाची खुडखुड, त्या अगदी कानाशी येतात. त्या काढून टाकू नयेत असंच मी म्हणेन. निदान समोर यंत्र आहे आणि त्याला वजन आहे, हे त्यांच्यामुळे कळतं.

लेविन यांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. सोनाटातला एखादा भाग पुन्हा वाजवायचा असतो तेव्हा ते त्यात ऐनवेळी नवे अलंकार घालतात, मोझार्टही घालायचा म्हणून. भूमिका बरोबरच आहे. पण रेकॉर्ड झाली की तीच हरकत दर वेळी त्याच जागी येते. ख्यालाच्या ध्वनिमुद्रिकेतली तान पाठ झालेल्या श्रोत्याला हा पेच समजावून सांगायला नको. उपज टिपून ठेवली की तिची बंदिश होते. यावर इलाज नाही, फक्त ऐकणाऱ्याला त्याची जाणीव हवी.

आणि जाणीव कशी असणार? पुण्या-मुंबईतच काय, जगातल्या बहुतेक गावांत या वाद्यासमोर बसून ऐकण्याचा योग येत नाही. आपल्यासाठी रेकॉर्डिंग हेच वाद्य. सीडीबरोबर एक पुस्तिका यायची. त्यात पियानो कुणाचा, कुठल्या सालचा, मूळ की प्रतिकृती, सूर आजच्या 440 हर्ट्झला की 430 च्या आसपास, हे बारीक अक्षरांत का होईना छापलेलं असायचं. ॲपवर वादकाचं नाव असतं, बहुतेकदा देखणा फोटो असतो, आणि वाद्याबद्दल बहुधा एक अक्षरही नसतं. गायकाचं नाव न लिहिता गाणं विकण्यासारखंच आहे हे. ज्या रेकॉर्डिंगचा सगळा जीव वाद्यात आहे, तिथे तरी वाद्य, कारागीर, साल, बदललेले भाग आणि जागा ही ओळ रचनेच्या नावाखाली सक्तीची हवी. कंपन्यांकडे ही माहिती असते; ॲपच्या रकान्यात तिला जागा नाही एवढंच.

ही सक्ती फक्त जुन्या पियानोंवर मात्र नको. ‘ऐतिहासिक वाद्य’ ही चिठ्ठी वाल्टरला लावायची आणि स्टाइनवेला कोरं सोडायचं, यातून स्टाइनवे म्हणजे कुठल्याच काळाचं नसलेलं, तटस्थ वाद्य असा समज पसरतो. तोही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठरलेला साचाच आहे. तेव्हा स्टाइनवेच्या हॅम्बुर्क कारखान्यातल्या पियानोवर वाजवलेल्या प्रत्येक मोझार्टखालीही सरळ छापावं: वाद्य स्टाइनवे, संगीतकाराचा मृत्यू 1791, वाद्याचा आराखडा त्यानंतर साधारण नव्वद वर्षांनी स्थिरावलेला, 88 पैकी 61 पट्ट्या वापरल्या, उरलेल्या 27 रिकाम्या.